वायकिंगांच्या तोंडी माझा आवाज

वायकिंग लोक माझ्या आवाजात बोलले आहेत. जहाजाचा म्हातारा नाखवा, त्याचा लाल दाढीचा शत्रू, नऊ वर्षांची सिग्नी आणि तिची आई, सगळे. कोथरूडमध्ये वाढलेल्या आणि जन्मात कधी वल्हं हातात न धरलेल्या बाईच्या आवाजात.

वेलिंग्टनजवळच्या लोअर हट गावातल्या दोन पडद्यांच्या एका लहानशा थिएटरात मी चौदा वर्षं नोकरी केली. शिकायला म्हणून न्यूझीलंडला आले, पार्टटाइम म्हणून तिकीटखिडकीवर बसले आणि तिथेच राहिले. शेवटी पगाराच्या कागदावर माझ्या नावापुढे ‘ड्यूटी मॅनेजर’ असं होतं. त्या पदाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पॉपकॉर्नचं यंत्र कसं धुवायचं आणि पडद्यासमोर उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांना कसं खाली बसवायचं, यात कुणाला रस असेल असं वाटत नाही. पण त्याच नोकरीत एक काम असं होतं, की ते माझ्याइतकं त्या गावात कुणी केलं नसेल. मी लहान मुलांसाठी सबटायटल्स मोठ्याने वाचायचे.

हे काम असतं हेच अनेकांना माहीत नाही. परदेशी भाषेतला मुलांचा चित्रपट आला आणि तो इंग्रजीत डब केलेला नसला, तर खाली इंग्रजी ओळी येतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला त्या वाचेपर्यंत पुढची ओळ आलेली असते. मग एक माणूस शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यात माइक, बारीकसा दिवा आणि संवादांचे छापील कागद घेऊन बसतो आणि सगळ्या पात्रांच्या ओळी वाचतो. मूळ आवाज थोडा हळू केलेला असतो, पण ऐकू येतो. दहा मिनिटांत मुलं वाचणाऱ्याला विसरतात. विसरली नाहीत, तर काम फसलं असं समजायचं.

२०१३ च्या हिवाळ्यात, म्हणजे इकडच्या जुलैच्या सुट्टीत, आमच्याकडे नॉर्वेचा एक चित्रपट आला. वायकिंगांच्या काळातला, मुलांसाठीचा. सिग्नीच्या भावाला शत्रू पळवून नेतात, बाप जखमी होऊन पडलेला असतो, म्हणून ही मुलगी म्हाताऱ्या नाखव्याबरोबर त्याला सोडवायला निघते. वादळ, बेटं, बर्फ, एक आळशी अस्वल, सगळं होतं. वाचायला एक नट ठरवला होता. पहिल्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, पण फोनवर नुसती घरघर ऐकू येत होती. घसा पूर्ण बसला होता.

थिएटरची मालकीण मॉरीन. साठीची, उंच, केस कायम पेन्सिलीने वर बांधलेले. तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“तू हा सिनेमा किती वेळा पाहिलायस?”

“चार.” सिनेमा हार्ड डिस्कवर येतो आणि शोच्या आधी तो तपासून घ्यायचं काम माझं होतं.

“मग तूच वाच.”

“माझा अ‍ॅक्सेंट?”

“वायकिंगांचा अ‍ॅक्सेंट इथे कुणी ऐकलाय?” ती म्हणाली आणि दारं उघडायला गेली.

मी वाचलं. वाईट वाचलं. नाखव्याला घोगरा आवाज दिला, सिग्नीला बारीक, शत्रूला रावणाचा. मुलं पडद्याकडे बघायची सोडून मागे वळून मला बघत होती. मध्यंतरात एक आई आली. अतिशय सभ्यपणे म्हणाली, “सॉरी, पण दुसरं कुणी वाचू शकेल का? मुलांना उच्चार कळत नाहीयेत.” मॉरीन काउंटरमागून म्हणाली, “दुसरं कुणी म्हणजे मीच आहे, आणि मला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा घरी आहे.” चष्मा तिच्या डोक्यावर होता. ती आई परत आत गेली.

घरी येऊन मी माझ्या मुलीला, ईराला, समोर बसवलं. ती तेव्हा आठ वर्षांची. मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आमच्या घरची ती रीतच होती. मी दोन पानं वाचून दाखवली. ती म्हणाली, “आई, डोन्ट डू द व्हॉइसेस. जस्ट से इट.”

हे मला मिळालेलं पहिलं शिक्षण. सोंग करायचं नाही. नट पडद्यावर अभिनय करतोच आहे, आपण फक्त अर्थ पोचवायचा.

दुसरं शिक्षण इंग्रिडबाईंकडून मिळालं. इथे लहान-मोठे सगळे एकमेकांना नावानेच हाका मारतात, मीही त्यांना इंग्रिडच म्हणायचे. पण मराठीत लिहिताना ऐंशीच्या घरातल्या बाईंना नुसतं इंग्रिड म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या शोला त्या एकट्या आल्या. अंगात हाताने विणलेला निळा स्वेटर, हातात काठी. दाराजवळ असावं म्हणून शेवटच्या रांगेत माझ्या शेजारीच बसल्या. शो संपल्यावर मला म्हणाल्या, “तू फार लवकर बोलतेस. आधी त्यांना बोलू दे. तुझ्या आवाजाखाली मला माझी भाषा ऐकू येत नाही.”

त्या नॉर्वेच्या. लग्न करून साठ वर्षांपूर्वी इकडे आलेल्या. नवरा न्यूझीलंडचाच, तो वारला होता. मुलं ऑस्ट्रेलियात, आणि त्यांना नॉर्वेजियन येत नव्हतं. गावात कुणाशी बोलायला मिळत नाही, म्हणून त्या दीड तास ती भाषा ऐकायला येत होत्या.

मी त्यांचं ऐकलं. नटाने वाक्य सुरू केल्यावर एक श्वास थांबायचं आणि मग वाचायचं. तेवढ्या एका श्वासात मुलांच्या कानावर मूळ आवाज पडतो, तो राग आहे की लाड हे कळतं, आणि मग माझ्याकडून नुसते शब्द मिळतात. तिसऱ्या दिवसापासून मागे वळणाऱ्या माना कमी झाल्या. शुक्रवारपर्यंत कुणीच वळेना. एक मुलगा जाताना आपल्या आजोबांना सांगत होता, “वायकिंग आपल्या कोपऱ्यावरच्या डेअरीतल्या बाईसारखे बोलतात.” डेअरी म्हणजे इकडचं किराणा-दुकान. ते बहुधा आपल्याच लोकांपैकी कुणाचं तरी असणार. आजोबांचं लक्ष नव्हतं. वायकिंगांच्या टोपीला शिंगं का नव्हती याची तक्रार करायला ते मॉरीनला शोधत होते.

या कामाचा एक नियम आहे: कागदावर आहे तेवढंच वाचायचं. आपल्या पदरचं घालायचं नाही आणि गाळायचंही नाही. तो नियम मी मोडला, आणि ती गोष्ट सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

चित्रपटात सिग्नी निघते तेव्हा तिची आई धक्क्यावर उभी असते. सोसाट्याचा वारा सुटलेला आहे. आई मुलीच्या हातात जहाजाचा दोर देते आणि काहीतरी म्हणते. इंग्रजी ओळ होती, “भिऊ नकोस. दोर घट्ट धर.” वाऱ्याच्या आवाजात मूळ शब्द जवळजवळ ऐकूच येत नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात इंग्रिडबाई चौथ्यांदा आल्या. शो सुटल्यावर म्हणाल्या, “ती ओळ चुकीची आहे.”

“कुठली?”

“धक्क्यावरची. आई तसं म्हणत नाही. ती म्हणते, भीती वाटली तरी चालेल, फक्त दोर सोडू नकोस.”

मी कागद काढून दाखवला. त्यांनी मान हलवली. “भाषांतर करणाऱ्याने घाई केली असेल. तुम्हा लोकांना ओळ आखूड हवी असते ना.”

हे खरं होतं. सबटायटल करताना वाक्यं कापतात, कारण वाचायला वेळ लागतो. मला ते पटलं. शिवाय ती ओळ मला आवडली. मी मॉरीनला विचारलं. ती म्हणाली, “नॉर्वेच्या बाई सांगतायत म्हणजे बरोबरच असेल.” दुसऱ्या दिवशी मी कागदावरची ओळ खोडून वर पेनाने नवी लिहिली, आणि वाचली.

हॉलमध्ये काय झालं ते मला अजून आठवतं. तशी मुलं सतत चुळबुळत असतात, कुणाचे ना कुणाचे पाय खुर्चीवर आपटत असतात. त्या ओळीला सगळं थांबलं. पुढे वादळ आलं तेव्हा कुठलंसं मूल, “शी इज स्केअर्ड, बट इट्स ओके,” असं आपल्या आईला समजावून सांगत होतं.

नंतर दर हिवाळ्यात आम्ही तो चित्रपट परत आणू लागलो. शाळा वर्गच्या वर्ग घेऊन यायच्या. जुलैच्या थंडीत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून येणारी मुलं, नाक गळणारी मुलं, पॉपकॉर्न सांडणारी मुलं. इतर चित्रपटही मी वाचले, डॅनिश, फ्रेंच, एक जपानी. पण लोक मला ‘वायकिंग लेडी’च म्हणायचे. सुपरमार्केटमध्ये एखादं मूल माझा आवाज ऐकून टाचा उंचावून बघायचं. ज्या उच्चारांबद्दल पहिल्या दिवशी तक्रार आली होती, त्याच उच्चारांवरून मुलं मला ओळखत होती, याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवला नाही.

दुसऱ्या वर्षी एका आईचं पत्र आलं. तिच्या सहा वर्षांच्या मुलीचं, हॅनाचं, कानाचं ऑपरेशन होतं. ऑपरेशनच्या खोलीत नेताना ती रडत होती. नर्स म्हणाली, घाबरू नकोस. तर हॅना म्हणाली, “भीती वाटली तरी चालते, दोर सोडायचा नाही,” आणि तिने पलंगाचा गज दोन्ही हातांनी धरला. आईने लिहिलं होतं, ‘तिने ते वाक्य कुठे ऐकलं ते मला घरी आल्यावर कळलं. तुमचे आभार मानायचे होते.’ मॉरीनने ते पत्र काउंटरमागच्या फळ्यावर लावलं. मी ते इंग्रिडबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी परत एकदा वाचायला लावलं, आणि काठी टेकत निघून गेल्या.

आता २०१९. तोवर इंग्रिडबाई वृद्धाश्रमात राहायला गेल्या होत्या आणि थिएटरला येणं त्यांना जमत नव्हतं. जुलैच्या सुट्टीतला पहिला शो झाला आणि एक तरुण बाई दोन मुलांना घेऊन काउंटरशी आली. मारिट तिचं नाव. ऑस्लोहून वर्षभरासाठी वेलिंग्टनच्या एका ऑफिसात आली होती.

“तुम्ही छान वाचता,” ती म्हणाली. “पण एक ओळ तुम्ही वेगळी का वाचलीत?”

मी हसत सांगितलं, की सबटायटलच चुकलं आहे, एका नॉर्वेजियन बाईंनी लक्षात आणून दिलं.

ती गोंधळली. “पण सबटायटल बरोबर आहे.”

हॉल रिकामा होता. मी तिला आत नेलं, मुलांना चिप्स देऊन बसवलं आणि तो प्रसंग परत लावला. आवाज पूर्ण मोठा केला. वारा, लाटा, दोराची करकर, आणि मध्ये आईचा आवाज. मारिटने डोळे मिटून तीनदा ऐकलं. मग तिने एकेक शब्द उच्चारून अर्थ सांगितला. भिऊ नकोस. दोर घट्ट धर. बस्स, एवढंच.

“वाऱ्यामुळे कुणाचाही गैरसमज होईल,” ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली.

मी तिचे आभार मानले. ती गेल्यावर काउंटरमागे आले आणि फळ्यावरचं पत्र दिसलं. सहा वर्षं, सुट्टीमागून सुट्टी, किती मुलांना मी चित्रपटात नसलेलं वाक्य चित्रपटाचं म्हणून ऐकवलं होतं. लेखकाने ते लिहिलं नव्हतं, नटी ते बोलली नव्हती. मी पत्र काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. मॉरीनने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. मग म्हणाली, “उद्या सकाळी शाळेचा शो आहे. काय वाचायचं ते तू ठरव. पण आधी जाऊन त्यांना भेट.”

त्याच दुपारी मी गेले. इंग्रिडबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. तोच निळा स्वेटर. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग मारिटबद्दल सांगितलं. वाटेत मी ठरवलं होतं, की ‘तुमची ऐकण्यात चूक झाली असेल’ असंच म्हणायचं. म्हटलंही.

“माझे कान तेव्हा चांगले होते,” त्या म्हणाल्या. “मी बरोबर ऐकलं होतं.”

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घेतली.

“मी सात वर्षांची होते,” त्या म्हणाल्या. “आमचा देश जर्मनांच्या ताब्यात होता. आमच्या किनाऱ्यावरचे लोक मासेमारीच्या बोटीतून ब्रिटनच्या शेटलंड बेटांकडे पळून जायचे. माझा काका निघाला होता, त्याच्याबरोबर मला पाठवलं. आजी अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून आई मागे राहिली. तिने मला बोटीत चढवलं आणि सांगितलं, भिऊ नकोस. एवढंच. जास्त बोलायला वेळ नव्हता.”

“मग?”

“मग मी भ्यायले. समुद्र खवळला होता, आम्ही सगळे खाली माशांच्या वासात पडून होतो. मला भयंकर भीती वाटत होती. आणि दोन दिवस मला एकच वाटत होतं, की आईने सांगितलंय भिऊ नकोस, आणि मी तिचं ऐकत नाहीये.”

त्यांनी काठीची मूठ दोन-तीनदा चोळली.

“आई परत भेटली का?” मी विचारलं.

“भेटली. चार वर्षांनी, युद्ध संपल्यावर. तिने पहिलं हेच विचारलं, तू भ्यायली नाहीस ना? मी म्हटलं, नाही. ती किती खूश झाली. मग खरं काय ते तिला कधीच सांगता आलं नाही. ती गेली तेव्हा मी इकडे होते.”

नंतर त्या म्हणाल्या, “तुझ्या त्या हॉलमध्ये पहिल्यांदा ती ओळ ऐकली, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत एक मुलगी होती. वादळ आल्यावर ती आईला सारखी सांगत होती, आय अ‍ॅम नॉट स्केअर्ड, आय अ‍ॅम नॉट स्केअर्ड. तिचा आवाज थरथरत होता. मला ते बघवेना. तू प्रामाणिकपणे वाचतेस हे मला माहीत होतं. म्हणून तुला खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तू वाचलं नसतंस.”

“नसतं वाचलं,” मी म्हणाले.

“उद्या काय वाचशील?”

“लिहिलंय ते.”

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “ते तुझं काम आहे.” आणि माझा हात हातात घेऊन बसल्या. चहा आला, आम्ही तो प्यायलो. मला त्यांचा राग आला होता का, हे मी स्वतःला नंतर खूपदा विचारलं. गाडीत बसेपर्यंत आला होता, एवढं नक्की. त्यांनी माझा वापर केला होता. पण त्या सात वर्षांच्या मुलीवर कसं रागवायचं ते मला कळेना, आणि दोघी एकच होत्या.

घरी आल्यावर मी नवीन कागद छापून घेतला. त्यावर खाडाखोड नव्हती.

सकाळी शाळेची मुलं आली. एरवी शो सुरू होण्याआधी मी पुढे जाऊन इथला माओरी नमस्कार करायचे, कियोरा, आणि दोन वाक्यं बोलायचे: मी मागे बसून वाचणार आहे, वळून बघू नका, टॉयलेट डावीकडे. त्या दिवशी मी आणखी बोलले. म्हटलं, “या सिनेमात एक मोठं वादळ आहे. त्यात सिग्नीची आई तिला सांगते, भिऊ नकोस. ते तिच्या आईचं सांगणं. आता हे माझं सांगणं आहे, ते सिनेमात नाही. तुम्हाला भीती वाटली तरी चालेल. शेजारच्याचा हात धरा आणि बघत राहा.”

तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने उभं राहून हात वर केला. “तुम्हाला भीती वाटते का?”

“वादळाची आता नाही वाटत. मी ते खूपदा पाहिलंय.”

“मग कसली?”

वर्गाच्या बाईंनी तिला खाली बसायला खुणावलं, पण प्रश्न रास्त होता आणि मुलं वाट बघत होती.

“माइक हातात घेतला, की पहिलं वाक्य बोलायची,” मी म्हणाले. “दर वेळी वाटते.”

तिने मान हलवली आणि बसली. मी मागे गेले, दिवे मंद केले आणि वाचायला सुरुवात केली. धक्क्याचा प्रसंग आला तेव्हा एक श्वास थांबले आणि कागदावर होतं ते वाचलं. ओळ येऊन गेली. विशेष काही झालं नाही. वादळ आलं तेव्हा मात्र पडद्याच्या उजेडात मला दिसलं, रांगच्या रांग एकमेकांचे हात धरून बसली होती, आणि तिसऱ्या रांगेतली ती मुलगी मागे वळून माझ्याकडे बघत होती. वळून बघू नका असं मी सांगितलं होतं. पण वाचता वाचताच मी तिला हात केला. मग ती पुन्हा पडद्याकडे वळली.

हॅनाच्या आईला हे सगळं कळवायला हवं होतं. ते मी अजून केलेलं नाही. चार वेळा पत्र लिहायला बसले आणि उठले. हॅना आता मोठी झाली असेल, आणि ते वाक्य तिला आठवत असलं तर ते एका वायकिंग आईचं म्हणून आठवत असेल. ते इंग्रिड नावाच्या एका बाईचं आहे, हे तिला कधीतरी कळावं असं मला वाटतं.